मालक देव, माणूस कूळ: ज्यू धर्मशास्त्र निसर्गाबद्दल काय सांगते?

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऑलिव्हच्या तोडणीचा हंगाम येतो आणि त्याबरोबर वेस्ट बँकेतून बातम्या येऊ लागतात की, ज्यू वसाहतींतील कुणी पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची झाडे तोडली. त्याच बातमीच्या तळाशी कधीकधी असेही वाचायला मिळते की, काही इस्रायली रब्बी त्या शेतकऱ्यांच्या सोबतीला बागेत गेले आणि फळझाड तोडण्यास आपल्याच धर्मग्रंथात मनाई आहे, असे त्यांनी सांगितले. दर सातव्या वर्षी आणखी एक चमत्कारिक बातमी येते: इस्रायलमधील धार्मिक शेतकरी वर्षभर पेरणी करत नाहीत, बागांची कुंपणे उघडी ठेवतात, आणि बाजारात भाजी घेणारा गिऱ्हाईक ती कुणाच्या जमिनीत पिकली याची चौकशी करतो. मागील असे वर्ष सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ हे होते. पुढचे सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल.

या बातम्यांमागे एकच विचारपद्धती आहे आणि ती आपल्याकडच्या वाचकाला सहज उलगडत नाही, कारण नदीला माता म्हणणे, वडाला सूत गुंडाळणे किंवा देवराई राखणे या मार्गाने ती जात नाही. ज्यू परंपरेत झाड पूज्य नाही आणि नदी देवी नाही. तिथे निसर्गाचा प्रश्न मुख्यतः जमिनीच्या हक्काचा प्रश्न म्हणून येतो, आणि म्हणूनच त्याची उत्तरे स्तोत्रांपेक्षा कायद्याच्या कलमांत अधिक सापडतात.

आधी थोडी ओळख

‘तोरा’ म्हणजे बायबलच्या आरंभीचे पाच ग्रंथ. मराठी बायबलमध्ये ते उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद या नावांनी आहेत. त्यातील आज्ञा प्रत्यक्ष जगताना कशा पाळायच्या, यावर शेकडो वर्षे जो खल झाला तो ‘तालमूद’ या विशाल संग्रहात नोंदलेला आहे. त्याचा कायदेशीर गाभा इसवी सन २०० च्या सुमारास सिद्ध झाला आणि त्यावरील चर्चा पुढची काही शतके वाढत राहिली. ‘रब्बी’ हे या कायद्याचे अभ्यासक आणि निवाडा देणारे. तालमूदमध्ये हरलेल्या बाजूचे मतही जपून ठेवलेले असते, त्यामुळे कोणत्याही विषयावर ‘ज्यू धर्म असे म्हणतो’ हे वाक्य उच्चारताना थोडे जपूनच राहिलेले बरे.

जमीन कुणाची?

लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्रायली लोकांना बजावतो की, जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ राहणारे उपरे आहात. या एका वचनावर बाकीची सगळी इमारत उभी आहे. आपल्या परिचयाच्या शब्दांत सांगायचे तर इथे देव मालक आहे आणि माणूस कूळ. कुळाला जमीन कसता येते, पीक घरी नेता येते, पोटही भरता येते. मात्र बांध फोडणे, विहीर बुजवणे किंवा मालकाची आंबराई तोडून विकणे त्याच्या अधिकारात बसत नाही. महाराष्ट्रात कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला मालक केले. ज्यू धर्मशास्त्रात तो दिवस कधीच उगवत नाही. कितीही पिढ्या जमीन कसली, तरी कूळ कूळच राहते.

कूळ म्हटले की खंड आला. पिकाचा दशांश काढून ठेवायचा, शेताचा एक कोपरा न कापता गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचा, कापणीत खाली पडलेली कणसे मागे वळून उचलायची नाहीत, नव्या झाडाची पहिली तीन वर्षांची फळे खायची नाहीत, असे नियम लेवीय ग्रंथात आणि त्याच्या आसपास विखुरलेले आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा ‘तू बिश्वात’ हा झाडांच्या नववर्षाचा सण आज रोपे लावून साजरा होतो, पण तालमूदमध्ये तो मुळात हिशेबाचा दिवस आहे: कोणती फळे कोणत्या वर्षाच्या दशांशात धरायची, ते ठरवण्याची तारीख. कोकणातील बेने इस्राएल या ज्यू समाजाने या दिवसाला आपले वेगळे रूप दिले. अलिबागजवळच्या खंडाळा येथे एलियाहू हनबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचा उरूस याच दिवशी भरतो. गोड पोहे, खोबरे आणि फळे यांचा मलिदा मांडला जातो आणि फळे तोंडात टाकण्यापूर्वी त्यांच्यावर आशीर्वचने म्हटली जातात.

खाण्यापूर्वीच्या या आशीर्वचनाला तालमूदने फार स्पष्ट अर्थ दिला आहे. एका स्तोत्रात पृथ्वी परमेश्वराची आहे असे म्हटले आहे, तर दुसऱ्यात ती मानवांना दिली आहे असे म्हटले आहे. मग खरे काय? रब्बींचा निवाडा असा की, आशीर्वचन म्हणण्यापूर्वी पृथ्वी देवाची असते आणि म्हटल्यावर ती माणसाला मिळते. जो न म्हणताच खातो, त्याने देवस्थानाची मालमत्ता खाल्ली असे समजावे. एरवी भाविक वाटणाऱ्या या कृतीचा गाभा परवानगी मागण्याचा आहे.

सातवा दिवस आणि सातवे वर्ष

मालकी कागदावर असून चालत नाही. ती अधूनमधून बजावावी लागते. यासाठी तोरामध्ये विश्रांतीची योजना आहे. सातव्या दिवशी काम बंद ठेवायचे, आणि या आज्ञेत मुलाबाळांबरोबर बैल, गाढव आणि इतर गुरे यांचाही उल्लेख आहे. बेने इस्राएल लोकांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण तेल गाळण्याचा त्यांचा व्यवसाय शनिवारी बंद असे. घाणा थांबला की घाण्याच्या बैलालाही सुटी मिळते, आणि आज्ञेत बैलाचे नाव मुद्दाम घेतले आहे ते याचसाठी.

हीच योजना जमिनीला लावली की सातवे वर्ष येते, त्याला ‘शमिता’ म्हणतात. त्या वर्षी पेरणी नाही, छाटणी नाही. आपोआप उगवेल ते खाता येते, पण ते कुणा एकाचे नसते: मालक, नोकर, मजूर, परका, गुरे आणि रानातील श्वापदे या सगळ्यांचा त्यावर सारखा हक्क. शेतकऱ्याने कुंपण उघडे ठेवायचे आणि स्वतःच्या शेतात इतरांसारखेच येऊन गरजेपुरते न्यायचे. अनुवाद ग्रंथाने याच वर्षात कर्जमाफीही जोडली आहे.

जमीन पडीक ठेवून तिचा कस वाढवण्याची ही जुनी युक्ती असावी, असे प्रथम वाटते. मैमोनिदिस हा बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री आणि वैद्य. त्यानेही तसे एक कारण दिले आहे. पुढच्या काही भाष्यकारांना मात्र ते पटले नाही, आणि मला त्यांचे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. शमिता मोडल्याची शिक्षा म्हणून लेवीय ग्रंथ देशोधडीला लागण्याची धमकी देतो: तुम्ही परदेशी जाल आणि मग ओसाड पडलेली भूमी आपली चुकलेली विश्रांती भरून काढील. प्रश्न निव्वळ कसाचा असता, तर नापिकी हीच पुरेशी शिक्षा ठरली असती. त्यासाठी आख्खे राष्ट्र हाकलून देण्याचे कारण नव्हते. शिवाय कस वाढवायचा असेल तर शहाणा शेतकरी आळीपाळीने एकेक तुकडा पडीक ठेवील, सगळ्या देशाची शेती एकाच वर्षी थांबवणार नाही. ‘मग सातव्या वर्षी आम्ही खायचे काय?’ हा प्रश्न ग्रंथातच विचारला आहे आणि सहाव्या वर्षी तीन वर्षे पुरेल एवढे पीक येईल, असे आश्वासन दिले आहे. ज्याला हे आश्वासन पुरेसे वाटत नाही, त्याच्यासाठी ही आज्ञा जड आहे, आणि ती जड आहे हे पुढच्या इतिहासाने दाखवलेच.

पण मग यात पळवाटा किती!

हा आक्षेप रास्त आहे. कर्जमाफीचे वर्ष जवळ आले की सावकार कर्जच देईनात, म्हणून इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास हिल्लेल या रब्बीने कर्ज न्यायसभेच्या हवाली करून वाचवण्याचा दस्तऐवज तयार केला. कर्जमाफीची आज्ञा राहिली आणि कर्जही बुडले नाही.

जमिनीचा पेच नंतर आला. शमिता फक्त इस्रायलच्या भूमीला लागू असल्याने जगभर विखुरलेल्या ज्यूंना अठराशे वर्षे त्याची फारशी झळ लागली नव्हती. १८८० च्या दशकात रशिया आणि रुमानिया येथून आलेल्या ज्यूंनी तिथे शेती सुरू केली आणि १८८८-८९ चे सातवे वर्ष समोर उभे राहिले. नव्या वसाहती कर्जावर आणि देणग्यांवर तगून होत्या. एक वर्ष शेती थांबली तर त्या मोडल्या असत्या. पूर्व युरोपातील काही मान्यवर रब्बींनी तोड काढली: जमीन तात्पुरती बिगर-ज्यू माणसाला विकावी, म्हणजे ती ज्यूची राहत नाही आणि तिच्यावर काम करता येते. जेरुसलेममधील कडव्या रब्बींनी याला कडाडून विरोध केला. १९०९-१० च्या शमितेत जाफाचे रब्बी अब्राहम इसहाक कूक यांनी ही सवलत पुन्हा उचलून धरली. शमितेवर अतिशय तन्मयतेने लिहिणाऱ्या कूक यांना ती मनापासून आवडत नव्हती. माणसे उपाशी राहू नयेत म्हणून निरुपायाने घेतलेला तो निर्णय होता.

ही कागदी विक्री आजही होते. जे ती मानत नाहीत ते अरब शेतकऱ्यांचा माल घेतात, परदेशातून आलेला घेतात किंवा मातीशिवाय पाण्यावर वाढवलेली भाजी खातात. मधला मार्ग असा की, धार्मिक न्यायसभा बागा ताब्यात घेते, शेतकऱ्याला फक्त मजुरी देते आणि फळे जवळजवळ खर्चाच्या किमतीत वाटते. मूळ कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारा मार्ग मला हाच वाटतो, कारण त्यात वर्षापुरती का होईना, मालकी खरोखर निलंबित होते. पळवाटा आहेत म्हणून शमिता निरर्थक ठरत नाही. दर सातव्या वर्षी एका आधुनिक देशाला आपली जमीन नक्की कुणाची, या विषयावर वर्तमानपत्रांत आणि न्यायालयांत वाद घालावा लागतो.

कुऱ्हाड कुठे थांबते

आता ज्या आज्ञेचा दाखला ऑलिव्हच्या बागेत दिला जातो तिच्याकडे वळू. अनुवाद ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. शत्रूच्या नगराला बराच काळ वेढा घातला, तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका. त्यांची फळे खा, त्यांना तोडू नका, शेतातील झाड म्हणजे काय माणूस आहे की त्याला वेढा घालावा? फळ न देणारी झाडे मात्र वेढ्याच्या कामासाठी तोडता येतात.

रब्बींचा युक्तिवाद असा की, युद्धाच्या धामधुमीत आणि तेही शत्रूच्या बाबतीत जे चालत नाही, ते शांततेच्या काळात कसे चालेल? त्यातून ‘बाल तश्खीत’, म्हणजे ‘नासधूस करू नको’, हे व्यापक तत्त्व तयार झाले. मैमोनिदिसच्या संहितेत ते असे आहे की, जो नासधुशीच्या हेतूने भांडी फोडतो, कपडे फाडतो, इमारत पाडतो, झरा बुजवतो किंवा अन्नाची नासाडी करतो, तो ही आज्ञा मोडतो. तालमूदमध्ये तर दिव्याच्या तेलाचाही विचार आहे: तेलाचा दिवा झाकून किंवा खनिज तेलाचा दिवा उघडा ठेवून जो इंधन विनाकारण लवकर जाळतो, त्यालाही हाच दोष लागतो. खजुराचे झाड म्हातारे झाले तरी ते ठरावीक माप फळ देत असेल तोवर तोडायचे नाही, असेही तिथे म्हटले आहे.

तरी या तत्त्वाची ताकद आहे त्याहून मोठी समजणे बरोबर नाही. तोच मैमोनिदिस पुढे लिहितो की फळझाड इतर झाडांना इजा करत असेल, दुसऱ्याच्या शेताला अपाय करत असेल किंवा त्याच्या लाकडाला फळांपेक्षा जास्त किंमत येत असेल, तर ते तोडता येते. म्हणजे मनाई आहे ती निष्कारण नासधुशीला. फायद्यासाठी केलेल्या तोडीला हा कायदा बऱ्याच प्रमाणात मोकळीक देतो. तालमूदमध्ये एक जण म्हणतो की, जवाची भाकरी परवडत असताना गव्हाची खाणे हीसुद्धा नासाडीच. त्याला लगेच उत्तर मिळते की, स्वतःच्या शरीराची नासाडी टाळणे अधिक महत्त्वाचे. माणूस इथे केंद्रस्थानी आहे आणि कुणी ते लपवलेले नाही.

कायद्याची ही मर्यादा रब्बींनाही जाणवत होती. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी यहेज्केल लांडाऊ यांना विचारण्यात आले की, एका धनिक ज्यूच्या मालकीची मोठी राने आहेत, त्याने हौस म्हणून शिकार करावी काय? लांडाऊंनी कायदा तपासला आणि कलमांच्या भाषेत मनाई सापडत नाही, असे प्रामाणिकपणे लिहिले. प्राण्याचे कातडे उपयोगी पडते, तेव्हा ती नासधूसही म्हणता येत नाही. मग त्यांनी सुनावले की, तोरामध्ये निम्रोद आणि एसाव हे दोघेच शिकारी म्हणून आढळतात, अब्राहमच्या वंशजांची ही रीत नव्हे, आणि गरज नसताना निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणे म्हणजे क्रौर्य आहे. कलम संपले तिथे त्यांनी शील पुढे केले.

‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ हेही तिथेच लिहिले आहे ना?

हो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वी व्यापून ती सत्तेखाली आणण्यास आणि मासे, पक्षी, पशू यांच्यावर अधिकार चालवण्यास सांगतो. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात लिहिलेल्या गाजलेल्या लेखात पर्यावरणाच्या अरिष्टाची मुळे याच विचारसरणीत शोधली. त्यांचा रोख प्रामुख्याने पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मावर होता, परंतु सृष्टीची ही कथा ज्यूंचीही असल्याने आरोप तिथवर पोहोचलाच.

ज्यू अभ्यासकांचे उत्तर साधारणतः असे असते: हे वचन एकटे वाचता येत नाही. त्याच्या लगेच पुढच्या वचनात माणसाला अन्न म्हणून फक्त वनस्पती दिल्या आहेत. मांसाची परवानगी नोहाच्या जलप्रलयानंतर येते. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. माणूस सर्वांत शेवटी का निर्माण झाला, याचे तालमूदने दिलेले एक कारण असे की, तो चढेल झाला तर ‘तुझ्याआधी डासाचा नंबर लागला’ असे त्याला ऐकवता यावे. मैमोनिदिसने तर आपल्या तत्त्वज्ञानात स्पष्ट लिहिले की, इतर सर्व अस्तित्वे माणसासाठी निर्माण झाली, असे मानू नये.

हे उत्तर मला बरेचसे पटते, पूर्णपणे नाही. शतकानुशतके बहुसंख्य ज्यूंकडे जमीनच नव्हती, अनेक देशांत ती घेण्यास बंदी होती, त्यामुळे या शिकवणुकीची कसोटी लागण्याचा प्रसंगच फारसा आला नाही. तो आला इस्रायलमध्ये, आणि तिथला अनुभव संमिश्र आहे. १९५० च्या दशकात शेतीसाठी हुला सरोवराचा प्रदेश कोरडा केला गेला; पुढे तिथली माती खालावली, तेव्हा १९९४ मध्ये काही भागात पुन्हा पाणी सोडावे लागले. हे करणारे बहुतेक धर्मापेक्षा राष्ट्रउभारणीने भारलेले होते, हे खरे; तरी ‘राखण करा’ ही आज्ञा त्यांच्या शाळेतल्या पुस्तकात होतीच.

मग ऑलिव्हची झाडे?

इथे धर्मशास्त्राचा कौल इतर ठिकाणांपेक्षा सरळ आहे. आज्ञा शत्रूच्याच झाडांविषयी आहे, त्यामुळे ‘ती शत्रूची झाडे आहेत’ हे समर्थन तिच्यासमोर उभे राहू शकत नाही. ऑलिव्ह हे फळझाड आहे, यावर वाद नाही. शिवाय दुसऱ्याची मालमत्ता नासवणे हा स्वतंत्र गुन्हा. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’ या संघटनेचे लोक तोडणीच्या दिवसांत पॅलेस्टिनी बागांत जातात ते याच आधारावर.

विरोधी बाजूला हाताशी काहीच नाही असेही नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात अलीशा हा संदेष्टाच मवाब या शेजारच्या राज्याविरुद्धच्या मोहिमेत प्रत्येक चांगले झाड तोडण्यास आणि सर्व झरे बुजवण्यास सांगतो. भाष्यकारांना या प्रसंगाने बराच घाम फोडला आणि त्या एका युद्धापुरता तो अपवाद होता, असे म्हणून अनेकांनी मार्ग काढला. अपवादावरून नियम बनवू नये, हे कायद्याचे साधे तत्त्व आहे. पण धर्मग्रंथात अपवाद शोधत येणारा माणूस सहसा रिकाम्या हाताने परत जात नाही.

शेजाऱ्याचा धूर

हवामानबदलाच्या चर्चेत ज्यू संघटना बहुधा शमितेचा आणि बाल तश्खीतचा आधार घेतात. २०१५ मध्ये शेकडो रब्बींनी हवामान संकटावर काढलेल्या पत्रातही लेवीय ग्रंथातील सातव्या वर्षाचाच दाखला होता. मला मात्र तालमूदचा एक रूक्ष, शेजाऱ्यांच्या भांडणांचा विभाग अधिक उपयुक्त वाटतो. तिथे नियम असे आहेत: कायमचे खळे गावापासून पन्नास हात दूर असावे, कारण उफणणीचा भुसा उडतो. मेलेली जनावरे, थडगी आणि कातडी कमावण्याची जागा हीसुद्धा पन्नास हात दूर, आणि कातडी कमावण्याची जागा गावाच्या पूर्वेलाच, कारण त्या प्रदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. गावाजवळ झाडे किती अंतरावर लावावीत, याचेही माप दिले आहे, आणि गाव आधी होते की झाड आधी होते, यावर भरपाई ठरते.

या विभागात वहिवाटीचा प्रश्नही येतो. शेजाऱ्याने एखादी गोष्ट बरीच वर्षे निमूटपणे सहन केली, तर ती करत राहण्याचा हक्क मिळतो, हे अनेक बाबतींत तालमूद मान्य करतो. धूर आणि शौचकूप यांच्या बाबतीत तो ते नाकारतो. कितीही वर्षे धूर सोडला आणि शेजारी कितीही गप्प राहिला, तरी धूर सोडण्याची वहिवाट निर्माण होत नाही. हा नियम भट्टीच्या किंवा चुलीच्या धुरासाठी होता, आणि तो देशादेशांना लावणे हा अर्थातच माझा विस्तार आहे, रब्बींचा निवाडा नव्हे. परंतु दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून संपन्न झालेले देश जेव्हा आजच्या उत्सर्जनाच्या पातळीलाच वाटाघाटींचा आरंभबिंदू मानतात, तेव्हा ते नकळत वहिवाटीचाच हक्क सांगत असतात, आणि या कायद्यापुढे तो दावा पहिल्याच सुनावणीत फेटाळला गेला असता.